परक्या बाजारातली जुनी देणी

परदेशी बाजारपेठेचा विषय निघाला, की व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९९४ मध्ये केलॉग्ज भारतात आली, थंड दुधात खायचे कॉर्नफ्लेक्स तिने सकाळी गरम दूध घेणाऱ्या लोकांपुढे ठेवले, त्यांचा वाटीतच लगदा झाला आणि कंपनीचे सगळे आडाखे चुकले. गोष्ट गमतीची आहे आणि तिच्यातून निघणारा धडाही सोपा आहे : दुसऱ्या देशात जाताना तिथली संस्कृती समजून घ्यावी. माझी तक्रार एवढीच, की ही गोष्ट सांगून सांगून आपण या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग सर्वांत ठळक करून ठेवला आहे. चव बदलता येते, पुड्याचा आकार लहान करता येतो, जाहिरात नव्याने करता येते. केलॉग्जने ते केले आणि तिचे पुडे आज तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातही दिसतात. परदेशी जाऊन ज्या कंपन्या खरोखर रुतल्या, त्या गिऱ्हाइकाच्या वाटीत रुतलेल्या नाहीत.

पुण्यात जुना वाडा विकत घेणाऱ्याला भिंतींबरोबर भाडेकरूही मिळतात, हे इथल्या कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाला पाठ असते. खरेदीखतात वाड्याची किंमत असते; तळमजल्यावर तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला मूळ मालकाच्या आजोबांनी काय कबूल केले होते, ते त्यात नसते. देशाच्या बाजारपेठेचेही काहीसे असेच आहे. तिथल्या सरकारांनी, कामगार संघटनांनी, न्यायालयांनी आणि व्यापाऱ्यांनी गेल्या पन्नास-शंभर वर्षांत एकमेकांना शब्द दिलेले असतात. म्हाताऱ्या कामगाराला निवृत्तिवेतनाचा, छोट्या भागधारकाला संरक्षणाचा, फळ खाणाऱ्याला त्यात विष नसल्याचा, शेतकऱ्याला स्वस्त विजेचा. बाहेरून आलेली कंपनी हे शब्द दिले गेले तेव्हा हजर नव्हती, पण पाऊल ठेवल्या दिवसापासून ते पाळण्याचा भार तिच्यावर पडतो. परदेशविस्तारातली खरी अडचण ही आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

टाटा स्टीलचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत मोठे आहे आणि त्याचा शेवटचा अंक अजून पडद्यावर आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी कोरस या ब्रिटिश-डच पोलाद कंपनीसाठी शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची सीएसएन ही कंपनी मध्ये उतरली, भाव चढत गेला, आणि ३१ जानेवारी २००७ रोजी, रात्रभर चाललेल्या लिलावानंतर, टाटांची ६०८ पेन्सची बोली सीएसएनच्या ६०३ पेन्सच्या बोलीवर पाच पेन्सांनी सरस ठरली. एकूण किंमत सुमारे १२ अब्ज डॉलर. जी कंपनी विकत घेतली तिची उत्पादनक्षमता विकत घेणाऱ्या कंपनीच्या कितीतरी पट होती. त्या आठवड्यातली आपली वर्तमानपत्रे ज्यांना आठवतात, त्यांना तो सूरही आठवत असेल : जणू प्लासीचा हिशेब पुरा झाला. मलाही तेव्हा बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्या ६०८ पेन्सांत साउथ वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटच्या झोतभट्ट्या आल्या, स्कनथॉर्पचा कारखाना आला, हॉलंडमधला आयमाउडेनचा कारखाना आला. त्यांच्याबरोबर ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीम आली. १९६७ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या आणि १९८८ मध्ये पुन्हा खासगी झालेल्या ब्रिटिश पोलाद उद्योगाने आपल्या कामगारांना ठरावीक निवृत्तिवेतनाचा जो शब्द दिला होता, त्याचे हे कोठार. सभासद सुमारे १ लाख ३० हजार. म्हणजे भट्टीवर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसांपेक्षा घरी बसून पेन्शन घेणारे किंवा पुढे घेणार असलेले कित्येक पट अधिक. सौद्याच्या वेळी या फंडाचा विचार झालाच नव्हता, असे नाही. पण अशा फंडाचे गणित चमत्कारिक असते. वीस-तीस वर्षांनी द्यायच्या रकमांची आजची किंमत व्याजदरावर ठरते आणि व्याजदर उतरले, की एक पैसाही नव्याने कबूल न करता देणे फुगत जाते. २००८ च्या मंदीनंतर व्याजदर कोसळले आणि पोलादाची मागणीही कोसळली. एकीकडे भट्टीचे उत्पन्न आटत होते, दुसरीकडे म्हाताऱ्यांचे देणे वाढत होते, आणि दोन्हींचे मूळ एकाच संकटात होते.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मार्च २०१६ मध्ये टाटा स्टीलच्या संचालक मंडळाने ब्रिटनमधला सगळा व्यवसाय विकता येतो का, हे पाहायचे ठरवले. ती बैठक मुंबईत झाली, आणि वेल्समधल्या कामगारांचे नेते व तिथले स्थानिक खासदार आपली बाजू मांडायला मुंबईत आले होते. ज्यांच्या गावाचे भवितव्य ठरायचे होते ती माणसे सात हजार किलोमीटरवरच्या शहरात बैठक संपण्याची वाट पाहत होती, हे चित्र मला त्या लिलावाच्या रात्रीपेक्षा अधिक बोलके वाटते. त्याच वर्षी स्कनथॉर्पचा कारखाना एका पौंडाला विकला गेला. पोर्ट टॅल्बटला गिऱ्हाईक मिळेना, कारण कारखाना घेणाऱ्याला पेन्शन फंड नको होता आणि फंड बाजूला काढणे कायद्याने सोपे नव्हते. अखेर २०१७ मध्ये टाटा स्टीलने फंडाला ५५ कोटी पौंड रोख दिले, ब्रिटिश कंपनीतला ३३ टक्के हिस्सा दिला आणि त्या ओझ्यातून अंग सोडवून घेतले. मग जर्मनीच्या थिसेनक्रुपबरोबर युरोपातला व्यवसाय एकत्र करण्याचे ठरले, तर जून २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने स्पर्धा कमी होईल म्हणून ते अडवले. हाही एक जुना शब्दच : युरोपातल्या मोटार आणि डबे बनवणाऱ्यांना पोलादाचे पर्याय उरतील, हा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी विझली. तिच्या जागी १२५ कोटी पौंड खर्चून विजेवर चालणारी भट्टी उभी राहायची आहे, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे, आणि या बदलात अडीच हजारांहून अधिक नोकऱ्या जायच्या ठरल्या.

यात टाटांना मूर्ख ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने कदाचित पाच वर्षांतच दाराला कुलूप लावले असते. मुद्दा वेगळा आहे. त्या रात्री सगळी चुरस शेअरमागे पाच पेन्सांवर झाली आणि आपल्या चर्चेतही तेवढेच राहिले. पुढच्या सतरा वर्षांत ज्याने कंपनीचा घाम काढला, ती पेन्शन, तो स्पर्धा कायदा, ते गाव, यांतले काहीही त्या पाच पेन्सांत मोजले गेले नव्हते.

सुझलॉनची गोष्ट लहान आहे, पण शिकण्यासारखी अधिक आहे. पुण्यातून कारभार चालवणाऱ्या या पवनऊर्जा कंपनीने २००७ मध्ये फ्रान्सच्या आरेवाशी झुंज देऊन जर्मनीतल्या आरई-पॉवरवर ताबा मिळवला. हेतू उघड होता : समुद्रात उभ्या राहणाऱ्या मोठ्या पवनचक्क्यांचे तंत्रज्ञान. आपल्याकडची समजूत अशी, की बहुसंख्य शेअर ज्याच्या हाती त्याच्या हाती कंपनी. जर्मनीचा कंपनी कायदा तसे मानत नाही. तिथे व्यवस्थापक मंडळ स्वतंत्र असते; वेगळा नियंत्रणाचा करार करून लहान भागधारकांना त्याची भरपाई दिल्याशिवाय मोठ्या भागधारकाला कंपनीचे ज्ञान आणि पैसा आपल्या सोयीने हलवता येत नाही, आणि उरलेल्यांना बाहेर काढायचे तर ९५ टक्के शेअर हाती असावे लागतात. सुझलॉनला तिथवर पोहोचायला २०११ साल उजाडले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कर्ज काढले, तिला हात लावायला चार वर्षे लागली. आणि त्या चार वर्षांत जगभरातली पवनऊर्जेची मागणी मंदावली, अमेरिकेत कंपनीच्या पात्यांना तडे गेल्याचे प्रकरण उद्भवले व १,२५१ पाती मजबूत करून द्यावी लागली. व्याज मात्र थांबले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुझलॉनला सुमारे २१ कोटी डॉलरचे परदेशी रोखे फेडता आले नाहीत. २०१५ मध्ये तिने ती जर्मन कंपनी, तोवर तिचे नाव सेन्व्हिऑन झाले होते, १ अब्ज युरोला विकून टाकली. चार वर्षांनी ती नव्या मालकाच्या हातातही दिवाळखोरीत गेली, त्यामुळे सुटलो हेच बरे झाले, असे म्हणायची सोय आहे. ज्या कायद्याने सुझलॉनला अडवले तो वाईट मात्र नव्हता. आपल्याकडच्या लहान भागधारकाला असे संरक्षण मिळाले असते, तर आपण त्याचे स्वागतच केले असते.

महिंद्रांचे कोरियातले प्रकरण याच जातीचे. २०११ मध्ये त्यांनी सांगयाँग मोटरचा ७० टक्के हिस्सा घेतला. त्याआधी, २००९ मध्ये, चिनी मालक निघून गेल्यानंतर प्याँगटेकच्या कारखान्यात कामगारकपातीविरुद्ध ७७ दिवसांचा संप झाला होता आणि पोलिसांनी तो मोडून काढला होता. महिंद्रांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरीही काढलेल्या कामगारांना परत घेण्याचा प्रश्न त्यांच्या मालकीच्या काळात जवळजवळ शेवटपर्यंत जागा राहिला. जुलै २०१८ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन भारतभेटीवर आले, तेव्हा त्यांनी आनंद महिंद्रांपाशी तो विषय काढला. देशाच्या प्रमुखाने परदेशी भेटीत एका कारखान्यातल्या काढलेल्या कामगारांबद्दल बोलावे, यावरून त्या शब्दाचे तिथले वजन कळते. एप्रिल २०२० मध्ये महिंद्रांच्या संचालक मंडळाने आणखी मोठी रक्कम ओतायला नकार दिला आणि वर्षअखेरीस सांगयाँग न्यायालयाच्या आश्रयाला गेली. सांगयाँगच्या टिव्होली या गाडीचा सांगाडा आपल्याकडे एक्सयूव्ही ३०० च्या रूपाने चालला, एवढे पदरात पडले. तेही कमी नाही.

हे झाले मोठ्यांचे. पण परदेशी बाजार म्हणजे अब्जावधींचे सौदेच असे नाही, आणि त्याची धग मला प्रथम लागली ती भोसरीत. माझे एक जुने परिचित तिथे बारा-चौदा मशीनचा कारखाना चालवतात. हायड्रॉलिकच्या जोडण्यांना लागणाऱ्या पिना आणि बुश, म्हणजे पिन ज्यात बसते ती पोकळ नळी, करतात. काही वर्षांपूर्वी त्यांना जर्मनीतल्या एका कंपनीची ऑर्डर मिळाली. नमुने पास झाले, पहिल्या तीन खेपा सुरळीत गेल्या. चौथ्या खेपेतल्या काही बुशांच्या आतल्या भोकाच्या कडेला बर राहिला होता. बर म्हणजे ड्रिल बाहेर निघताना धातूची जी बारीकशी कूस उरते ती. नखाने खरवडली तरी जाणवते, डोळ्यांना चटकन दिसत नाही. आपल्याकडे असा माल आला, तर गिऱ्हाईक फोन करून चार शब्द सुनावते, माणूस पाठवा म्हणते, आणि दोन पोरे कानशी घेऊन जाऊन संध्याकाळपर्यंत सगळे नीट करून येतात. जर्मन कंपनीने तसे काही केले नाही. तिने एक अत्यंत सभ्य मेल पाठवला, माल तपासून वेगळा काढणाऱ्या तिथल्याच एका तिसऱ्या संस्थेला काम दिले आणि दहा दिवसांनी डेबिट नोट, म्हणजे तो खर्च तुमच्या नावे टाकल्याची चिठ्ठी, पाठवली. तासांचा हिशेब युरोमध्ये होता. रक्कम त्या खेपेच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट होती.

ते गृहस्थ मला कागद दाखवत म्हणाले, “यांना एक फोन करायला काय झालं होतं? मी जावयाला पाठवला असता, तो श्टुटगार्टलाच आहे.”

त्यांचा राग मला कळला, आणि हळूहळू जर्मन बाजूही कळली. त्या कंपनीनेही आपल्या गिऱ्हाइकाला शब्द दिलेला होता, की त्याची असेंब्ली लाइन एक मिनिटही थांबणार नाही. त्या गिऱ्हाइकाने ट्रॅक्टर बनवणाऱ्याला तोच शब्द दिला होता. ही साखळी तिथे इतकी पक्की आहे, की मध्ये फोन, ओळख आणि जावई यांना जागाच उरत नाही. खरेदीच्या अटींच्या एकोणीस पानांपैकी चौदाव्या पानावर हे सगळे लिहिले होते. आमच्या परिचितांनी भाव, मुदत आणि पेमेंटचे कलम वाचले होते. बाकीचे कोण वाचतो? ती अडचण संस्कृतीची होती, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन ती कराराची होती. जर्मन माणूस शिस्तीचा असतो, हे त्यांना ठाऊकच होते. त्या शिस्तीचा तासाचा दर ठाऊक नव्हता.

कधी कधी काहीही विकत न घेता, कुठेही कारखाना न उभारताही हा भार येतो. बजाज ऑटोने आफ्रिकेत अत्यंत सावधपणे जम बसवला. स्थानिक वितरक, सुटे भाग, गावोगावचे मेकॅनिक आणि खडबडीत रस्त्यावर दोन-तीन माणसे वाहून नेणारी बॉक्सर ही मोटारसायकल. नायजेरियात ओकाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाड्याच्या मोटारसायकलींमुळे तो देश कंपनीची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ झाला. तिथल्या माणसाची गरज ओळखण्यात आकुर्डीकरांची चूक झाली नव्हती. पण नायजेरियाच्या सरकारांनी आपल्या नागरिकांना नायरा हे तिथले चलन भक्कम ठेवण्याचे आश्वासन दिले होते आणि ते निभावण्यासाठी डॉलर मोजून मापून दिले जात होते. वितरकाच्या गल्ल्यात नायरा होते, पुण्याला पाठवायला डॉलर नव्हते. जून २०२३ मध्ये ते आश्वासन सोडून देण्यात आले आणि नायरा घसरत गेला. कालपर्यंत परवडणारी मोटारसायकल ओकाडावाल्याच्या आवाक्याबाहेर गेली. दरम्यान लागोसच्या प्रशासनाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये शहराच्या मोठ्या भागांत ओकाडांवर बंदी घातली, कारण अपघात आणि गुन्हे कमी करण्याचा शब्द त्यांनी लागोसकरांना दिला होता. यात कंपनीने काय करायला हवे होते, याचे उत्तर सोपे नाही. तरी एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. बजाजला तिथे विक्री घटण्याचा फटका बसला, पेन्शन फंड गळ्यात पडला नाही. माल विकायला गेलेल्याला परतीची वाट असते. कारखाना विकत घेणाऱ्याला ती पैसे मोजून करून घ्यावी लागते.

आपण स्वतः यजमान असतो तेव्हा हेच चित्र आरशात दिसते. दाभोळच्या वीज प्रकल्पात ह्यूस्टनची एन्रॉन ही अमेरिकी कंपनी उतरली ती डॉलरशी जोडलेल्या दराचा करार आणि केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र देईल ही हमी, खिशात घालून. त्या करारातल्या घाईचे आणि गैरव्यवहाराचे आरोप हा स्वतंत्र विषय आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने तो करार केला, ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या, मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणेच थांबवले. ज्या मंडळाने शेतीपंपांना नाममात्र दराने वीज देण्याचा शब्द दिला आहे, ते डॉलरच्या दराने वीज घेऊन विकणार कुठे, हा साधा प्रश्न ह्यूस्टनमध्ये बसलेल्या हुशार माणसांना पडला नसेल, असे वाटत नाही. प्रतिहमी आहे ना, असे त्यांनी मानले असावे. तळेगावच्या जनरल मोटर्सचेही तेच. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्री बंद केली, २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबवले. पण कामगारांच्या भरपाईचा वाद, आपला औद्योगिक विवाद कायदा आणि कारखाना घेऊ पाहणाऱ्या चिनी कंपनीला आडवे आलेले २०२० मधले चिनी गुंतवणुकीवरचे निर्बंध यांतून वाट काढत तो कारखाना ह्युंदाईच्या हाती जायला २०२४ उजाडले. तळेगावच्या फाटकाशी बसलेल्या कामगारांबद्दल आपल्याला सहानुभूती वाटली असेल, तर पोर्ट टॅल्बटच्या कामगारांना भारतीय यशोगाथेतला अडथळा समजण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

या सगळ्यावर आक्षेप घेणारा जग्वार लँड रोव्हरचे नाव पुढे करील, आणि ते योग्यच आहे. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतलेली ही कंपनी पहिल्या वर्षभरात जवळजवळ बुडालीच होती आणि पुढे अनेक वर्षे तिने टाटा मोटर्सला पोसले. पण ते कसे घडले, तेही पाहिले पाहिजे. विकताना फोर्डने पेन्शन फंडात सुमारे ६० कोटी डॉलर भरले होते. म्हणजे जुन्या देण्याचा एक मोठा तुकडा आधीच्या मालकानेच फेडला होता. नव्या गाड्यांचे काम फोर्डच्याच काळात पुढे गेले होते, आणि चीनमधल्या नवश्रीमंतांना त्याच सुमारास उंच गाड्यांची ओढ लागली. ती ओढ ओसरली, तेव्हा डिसेंबर २०१८ च्या तिमाहीत टाटा मोटर्सला २६,९६१ कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला. मी याला अपयश म्हणत नाही. यश होते, पण त्यात जुनी देणी आधी चुकती करून घेण्याचा वाटा किती आणि भारतीय मालकाच्या दिलदारीचा किती, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

मग काय, घरातच बसायचे? तसे मुळीच नाही. दोन गोष्टी मात्र बदलायला हव्यात. पहिली गोष्ट संचालक मंडळांची आणि त्यांना कर्ज देणाऱ्यांची. २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना नेटवर्थच्या, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या, चौपट रक्कम परदेशी गुंतवण्याची मुभा दिली होती, आणि परदेशी कंपनी घेणे हा तेव्हा जवळजवळ कर्तबगारीचा दाखला झाला होता. किती पैसे घालायचे याच्या मर्यादा आपल्याकडे होत्या आणि आहेत. बाहेर पडायचे झाले तर कोणाकोणाला काय द्यावे लागेल, हा आकडा भागधारकांपुढे ठेवण्याची पद्धत नाही. तो आकडा अंदाजाचाच असणार. तरी तो एकदा कागदावर आला, तर पाच पेन्स वाढवताना हात थोडा थबकेल. अशा सौद्यांत पैसा अखेर सर्वसामान्य भागधारकाचा आणि ठेवीदाराचा असतो, म्हणून हा प्रश्न केवळ उद्योगपतींचा नाही.

दुसरी गोष्ट लहानांची, आणि तिथे सरकारशिवाय भागत नाही. दुसऱ्या देशाचा प्रत्येक नियम वाचून काढणे भोसरीच्या कारखानदाराला शक्य नाही, तसे ते नाशिकच्या बागायतदारालाही शक्य नव्हते. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. वेलीची शाकीय वाढ रोखायला आपल्याकडे ते सर्रास वापरले जाई. निफाड-दिंडोरीकडे लिहोसीन म्हणून कोणालाही माहीत. तपासायच्या रसायनांच्या आपल्या यादीत ते नव्हते, म्हणून इथल्या अहवालात माल निर्धोक होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत नव्हता. बागायतदारांचे हाल झाले. पण त्यानंतर जे झाले ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत आशादायक वाटते. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने २००६ पासून ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था चालवली होतीच. प्रत्येक निर्यातक्षम बागेची कृषी खात्याकडे नोंद, प्रत्येक खेपेचा माग थेट प्लॉटपर्यंत. त्या व्यवस्थेत तपासणीची यादी वाढली, पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेचे महत्त्व वाढले, नमुना शेतकऱ्याने आणून न देता प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन घ्यायचा, हा नियम अंगवळणी पडला. आज दिंडोरीतला दहावी शिकलेला बागायतदार कोणत्या औषधाचा पीएचआय किती दिवसांचा, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती अंतर हवे, हे तोंडपाठ सांगतो. युरोपातल्या आईने मुलाच्या हातात द्राक्षाचा घड देताना तिला तिच्या सरकारने दिलेला शब्द नाशिकच्या बागेत पाळला जातो. तो तिथवर पोहोचला तो वैयक्तिक हुशारीने नव्हे. मध्ये एक यादी, एक प्रयोगशाळा आणि एक नोंदवही उभी राहिली म्हणून.

इंजिनिअरिंगच्या लहान निर्यातदारासाठी अशी यादी, अशी प्रयोगशाळा आणि अशी नोंदवही कुठे आहे? पैसे अडकले तर विमा द्यायला ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून आहे आणि ती चांगले काम करते. परंतु चौदाव्या पानावरचे कलम समजावून सांगणारा माणूस औद्योगिक वसाहतीत सापडत नाही. उद्योजकांच्या संघटना प्रदर्शनाला हॅनोव्हरला शिष्टमंडळे नेतात, स्टॉलचे फोटो छापतात. खरेदीच्या अटींचे मराठीत टिपण काढून ते सभासदांच्या हाती देणे त्याहून स्वस्त आणि उपयोगी आहे. जिल्हा उद्योग केंद्राने हे करावे, असे म्हणायला गेलो तर लोक हसतील. द्राक्षांच्या वेळीही प्रथम हसलेच असतील.

गेल्या महिन्यात भोसरीला गेलो होतो. ती जर्मन कंपनी अजून त्यांचे गिऱ्हाईक आहे. भोकाची कड तपासायला त्यांनी दोन बायका खास बसवल्या आहेत आणि प्रत्येक बुश बोटाने फिरवून पाहिल्याशिवाय खोक्यात जात नाही. या वेळी त्यांच्यापुढे नवा मेल होता. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाच्या कार्बन सीमाकराचा, म्हणजे आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवरच्या आकाराचा, मुख्य टप्पा सुरू झाला आहे आणि पोलादाच्या अनेक वस्तू त्याच्या कक्षेत आल्या आहेत. गिऱ्हाइकाने विचारले होते, की तुमच्या मालातले पोलाद कोणत्या प्रकारच्या भट्टीत वितळवले गेले आणि टनामागे किती कार्बन हवेत गेला, ते कळवा. त्यांनी बार पुरवणाऱ्या चिंचवडच्या व्यापाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर पलीकडून काही क्षण आवाज आला नाही, मग व्यापारी म्हणाला, “काका, बिलावर ग्रेड आहे, हीट नंबर आहे. भट्टीचं कोण विचारतंय?”